संकटसमयी आठवणीचा आधार

वाचकहो, मोठा विद्वान माणूसही विसरतो ही गोष्ट आपण सर्वजण जाणतो. पण ती मोकळेपणाने मान्य करावयास सहसा कोणी तयार नसतो. परीक्षेच्या दालनात पाठ केलेले उत्तर आठवत नाही आणि घरी परतताना वाटेत ते लख्ख आठवते, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याचा आहे. त्यात त्याचे चार-पाच गुण जातात. परंतु अपघातात सापडलेला रोगी समोर पडला असताना डॉक्टरची, परिचारिकेची किंवा घरातल्या माणसाची आठवण अशीच दगा देऊन गेली, तर गुण जात नाहीत, माणूस जातो.

वैद्यकशास्त्राचा इतिहास म्हटला की आपल्याला लशी, औषधे, क्ष-किरण यांचे शोध आठवतात. त्याच इतिहासात साध्या कागदावर लिहिलेल्या याद्यांचे आणि बोटांवर मोजता येणाऱ्या अक्षरांचेही एक प्रकरण आहे. या याद्यांनी नवे ज्ञान दिले नाही. असलेले ज्ञान ऐन वेळी हाताशी आणून दिले, आणि तेवढ्यानेच असंख्य प्राण वाचले. हे प्रकरण आमच्या पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी वाचावे असे वाटते, कारण त्यातला काही भाग उद्या आपल्या स्वतःच्या घरात उपयोगी पडणारा आहे.

पद्यात बांधलेले वैद्यक

आठवणीला आधार देण्याची कल्पना नवी नाही. बू अली सीना, म्हणजेच इब्न सीना (९८०–१०३७), यांचा ‘अल्-कानून’ हा पाच खंडांचा वैद्यकग्रंथ जगप्रसिद्ध आहे. पण एवढा ग्रंथ विद्यार्थ्याने डोक्यात कसा साठवावा? म्हणून त्याच लेखकाने वैद्यकाचे सार तेराशेहून अधिक पद्यांत बांधले. रजज या अरबी वृत्तात असल्यामुळे त्या रचनेला ‘उर्जूजा’ म्हणतात. आपल्या शाळांतून जसे पाढे चालीवर म्हणवून घेतात, तसेच हे पद्य विद्यार्थ्यांनी म्हणावे, पाठ करावे, असा हेतू होता. स्पेनमधील इब्न रुश्द यांनी त्यावर भाष्य लिहिले. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील विद्यार्थीही त्यावर शिकू लागले.

अकराव्या शतकातच बगदादचे वैद्य इब्न जझला यांनी दुसरी युक्ती केली. त्यांनी ‘तक्वीमुल अब्दान’ या ग्रंथात रोग, त्यांची कारणे, लक्षणे आणि उपचार यांची मांडणी खगोलशास्त्रातील कोष्टकांसारखी रकान्या-रकान्यांत केली. उर्दू जाणणाऱ्या घरांत आजही तक्वीम म्हणजे कॅलेंडर. तारीख शोधावी तसा रोग शोधावा, अशी ती सोय होती.

ही साधने अभ्यासासाठी उत्तम होती. मात्र श्वास कोंडलेल्या माणसापुढे पद्य म्हणत बसता येत नाही आणि ग्रंथाची पाने चाळण्याइतकाही अवधी नसतो. तेथे आठवणीचा आधार चार-पाच शब्दांत मावणारा हवा. असा आधार घडविण्याचे काम मुख्यतः विसाव्या शतकात झाले.

जन्मानंतरचे पहिले मिनिट

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार (१९०९–१९७४) यांनी प्रसूतिगृहात एक दुःखद गोष्ट पाहिली. बाळ जन्मले की सर्वांचे लक्ष आईकडे जाई. निळसर पडलेल्या, नीट न रडणाऱ्या बाळाची पद्धतशीर तपासणी कोणीच करीत नसे, आणि पुष्कळदा ते जगणार नाही असे गृहीत धरले जाई. बाळाची स्थिती चटकन कशी ओळखावी, असे एका विद्यार्थ्याने त्यांना न्याहरीच्या वेळी विचारले आणि त्यांनी हाताशी असलेल्या कागदावर पाच मुद्दे लिहून दिले, असे सांगतात.

ते पाच मुद्दे असे: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंतील जोर, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि कांतीचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. जन्मानंतर एका मिनिटाने बेरीज करावयाची. पूर्ण गुण दहा. ही पद्धत १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुढे दहाएक वर्षांनी ॲपगार या नावातील पाच इंग्रजी अक्षरांनाच हे पाच मुद्दे जोडण्यात आले आणि शोधकर्तीचे नाव हीच आठवणीची किल्ली झाली.

यात नवे औषध कोणते? एकही नाही. पण ‘बाळ जरा अशक्त वाटते’ हे शब्द ऐकून कोणी धावत नसे. ‘बाळाला तीनच गुण आहेत’ असे म्हटल्यावर धावणे भाग पडू लागले. पाच मिनिटांनी पुन्हा गुण द्यावयाचे, म्हणजे केलेल्या प्रयत्नांना यश आले की नाही तेही कळे. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत जन्मणाऱ्या बाळाची पहिली परीक्षा हीच असते.

तीन अक्षरे आणि पिट्सबर्गचे तरुण

दुसरी कथा डॉ. पीटर साफार यांची. त्यांचा जन्म १९२४ साली व्हिएन्ना येथे झाला. नाझी राजवटीचा जाच सोसून ते पुढे अमेरिकेत गेले. श्वास थांबलेल्या माणसाला पालथे घालून त्याची पाठ दाबावयाची, ही त्या काळची प्रचलित रीत होती. साफार आणि त्यांचे सहकारी डॉ. जेम्स एलाम यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की डोके मागे कलवून श्वासमार्ग मोकळा केला आणि तोंडाने हवा फुंकली, तर सामान्य माणूसही दुसऱ्याचा श्वास चालू ठेवू शकतो. १९५७ साली साफार यांनी ही पद्धत ए, बी, सी या अक्षरांत बांधली: ए म्हणजे एअरवे, अर्थात श्वासमार्ग, बी म्हणजे ब्रीदिंग, श्वास, सी म्हणजे सर्क्युलेशन, रक्ताभिसरण. १९६० साली जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती बाहेरून दाबून थांबलेले रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिसऱ्या अक्षरात खरा प्राण आला.

१९६६ साली साफार यांची मुलगी दम्याच्या झटक्याने वारली. ज्याने जगाला श्वास द्यावयास शिकविले त्याच्याच घरी हा घाला पडला. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच्या वेळेत रोग्याला मदत मिळावी, या कामाला त्यांनी नंतर स्वतःला वाहून घेतले. पिट्सबर्ग शहरात त्या वेळी रोग्यांना बहुधा पोलिसांच्या गाडीतून किंवा अंत्यविधी करणाऱ्यांच्या गाडीतून नेत. वाटेत उपचार असा नसेच. शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय तरुणांना निवडून १९६७ साली ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. त्यातील पुष्कळजण बेकार होते. काहींचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. साफार यांनी त्यांना शिकविले, आणि त्यांची सेवा अमेरिकेतील आधुनिक रुग्णवाहिका सेवेच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक ठरली. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले; तेथील अनेक अनुभवी माणसे हळूहळू बाजूला पडली. पण त्यांच्या कामाच्या अनुभवावर आधारलेले शिक्षण मात्र देशभर पसरले.

विद्यार्थी मित्रांनो, या कथेत आपल्यासाठी एक बोध आहे. ज्यांना लोक ‘यांच्याकडून काही होणार नाही’ म्हणत, त्यांच्या हाती नीट मांडलेले ज्ञान दिले, त्याची रोज उजळणी करून घेतली, आणि तेच तरुण मरणाच्या दारातून माणसे परत आणू लागले.

डॉक्टरच जेव्हा रोगी होतो

डॉ. जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यविशारद फेब्रुवारी १९७६ मध्ये आपले छोटे विमान स्वतः चालवीत कुटुंबासह घरी परतत होते. नेब्रास्का राज्यातील एका शेतात विमान कोसळले. पत्नी जागीच ठार झाली. चार मुलांपैकी तिघांना गंभीर इजा झाली. स्वतः जखमी असलेल्या स्टायनर यांनी मुलांना थंडीत सांभाळले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या मदतीने जवळचे छोटे रुग्णालय गाठले. तेथे मिळालेले उपचार पाहून ते हादरले. तेथील डॉक्टर निर्दय किंवा आळशी नव्हते. गंभीर जखमी माणसासाठी प्रथम काय करावे आणि नंतर काय, हा क्रम त्यांना कोणी शिकविलाच नव्हता.

दुःख कुरवाळीत न बसता त्यांनी सहकाऱ्यांसह शिक्षणक्रम तयार केला. १९७८ साली नेब्रास्कातील ऑबर्न येथे पहिला वर्ग झाला. १९८० साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने तो स्वीकारला. त्याचा गाभा म्हणजे पाच अक्षरे: साफार यांची ए, बी, सी, त्यापुढे डी म्हणजे मेंदूचे कार्य तपासणे आणि ई म्हणजे कपडे बाजूला करून लपलेल्या जखमा शोधणे. मोडलेला पाय भयंकर दिसतो म्हणून आधी तिकडे धावावयाचे नाही. जे सर्वांत लवकर प्राण घेईल ते सर्वांत आधी पाहावयाचे. हा शिक्षणक्रम आज ऐंशीहून अधिक देशांत शिकवितात.

अक्षरांचा क्रम मात्र अपरिवर्तनीय नाही. मोठ्या माणसाचे हृदय अचानक थांबले तर छाती दाबण्यास उशीर होऊ नये, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० साली सी हे अक्षर सर्वांच्या पुढे नेले. एकदा पाठ केलेलेही वेळोवेळी दुरुस्त करून घ्यावे लागते, हे यातून शिकावे.

चिमूट, मूठ आणि अर्धा शेर पाणी

आतापर्यंतची उदाहरणे डॉक्टरांची आणि रुग्णवाहिकांची झाली. ज्या घरापासून डॉक्टर कोसभर दूर आहे, तेथे काय? याचे उत्तर आपल्या शेजारच्या बांगलादेशाने दिले.

१९७१ च्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यातून पाजण्यास सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. उपाय सापडला होता. पण तो लाखो आयांच्या आठवणीत कसा रुजवावा?

फजले हसन आबेद यांनी स्थापन केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत हे काम घरोघर जाऊन केले. तराजू नाही, मापाचा चमचा नाही, आणि पुष्कळ आयांना अक्षरओळखही नाही. म्हणून मापे हातातच शोधली: तीन बोटांची चिमूट मीठ, बोटांनी भरून घेतलेला गूळ आणि अर्धा शेर पाणी. त्याबरोबर लक्षात ठेवावयाचे दहा मुद्दे. पुढे अनुभवाने ते सातवर आणले. शिकविणाऱ्या स्त्रिया केवळ सांगून निघून जात नसत. त्या आईकडून तिच्या स्वतःच्या हाताने मिश्रण करवून घेत.

यातली खरी युक्ती पगारात होती. काही आठवड्यांनी तपासनीस त्यातील काही घरी जाऊन आईला ते मुद्दे विचारी आणि मिश्रण करावयास लावी. तिला किती आठवते यावर शिकविणारीचे वेतन ठरे! शिक्षिकेने किती शिकविले हे कोणी विचारले नाही. विद्यार्थिनीच्या ध्यानात किती राहिले तेवढेच मोजले. आपल्या शाळांनीही यावर विचार करावा असे हे उदाहरण आहे.

तरीही सुरुवातीला असे दिसले, की आयांना मुद्दे पाठ आहेत, पण मूल आजारी पडल्यावर फार थोड्याजणी मिश्रण देतात. शोध घेता कळले, की शिकविणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातील पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना त्यामागचे शास्त्र समजावून दिले, आणि बाजारात, शाळांत, मशिदींत पुरुषांच्या सभा घेतल्या. तेव्हा वापर वाढला. दहा वर्षांत हे शिक्षण एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत पोहोचले. पाठांतराला समज आणि घरच्यांची साथ मिळाली, तेव्हाच ते कृतीत उतरले.

कागद एकटा पुरत नाही

लिखित तपासयादीची प्रथा विमानविद्येतून आली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात बोइंग कंपनीचे नवे मोठे विमान उड्डाण करताच कोसळले. वैमानिक मेजर प्लॉयर हिल अत्यंत अनुभवी होते. पण नियंत्रणाची एक कळ मोकळी करावयाची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणापूर्वी वाचावयाची छोटी यादी तयार केली, आणि तेच विमान पुढे हजारोंच्या संख्येने वापरात आले.

हा धडा शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचावयास सत्तर वर्षे लागली. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी जाहीर केली. तिच्यामागे ज्यांचे मोठे परिश्रम होते ते डॉ. अतुल गावंडे जन्माने अमेरिकन. पण त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे आपल्या विदर्भातील उटी या खेड्यात वाढले. परदेशात स्थिरावल्यावरही त्यांनी आपल्या मुलखात आईच्या नावाने महाविद्यालय उभे राहावे म्हणून साहाय्य केले. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत ही नोंद अगत्याने करावीशी वाटते.

दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत यादीची परीक्षा झाली. यादीपूर्वी शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्के होते, ते ०.८ टक्क्यांवर आले. गंभीर गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात शस्त्रक्रियागृहातील १७ पथकांना कृत्रिम आणीबाणीचे प्रसंग देण्यात आले. यादी हाती नसताना प्राणरक्षक पायऱ्यांपैकी २३ टक्के चुकल्या. यादी असताना फक्त ६ टक्के. माणसे तीच, शिक्षण तेच.

पण वाचकहो, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने शंभरावर रुग्णालयांना यादी सक्तीची केली. २०१४ साली हिशेब झाला तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांतील दीड लाखांहून अधिक मातांचा समावेश असलेल्या प्रयोगात प्रसूतीची यादी पारखून पाहिली. सेवेची रीत सुधारली, पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे माता-बालकांचे मृत्यू कमी झाले नाहीत. जेथे माणसे, औषधे आणि कौशल्य यांचीच वाण आहे, तेथे एकटा कागद काय करणार? आणि वरिष्ठांना बरे वाटावे म्हणून न वाचताच खुणा भरल्या, तर कागदाचा फार्स होतो.

माझ्या मते यादीचे सामर्थ्य आणखी एका गोष्टीत आहे. ती मोठ्याने वाचली जाते, तेव्हा सर्वांत कनिष्ठ परिचारिकेलाही मोठ्या सर्जनला थांबविण्याचा हक्क मिळतो. ‘साहेब, हे राहिले’ असे म्हणणे मग उद्धटपणा ठरत नाही. ते तिचे कामच ठरते. ज्या घरात, ज्या शाळेत लहानांना असे बोलण्याची मुभा नाही, तेथे कितीही याद्या टांगल्या तरी त्यांचा उपयोग थोडा.

आपल्या घरासाठी

आता पालकहो, आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. हा क्रमांक घरातील प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावा, आणि त्याबरोबर घराचा पत्ता व जवळची खूण नीट सांगता यावी. घाबरलेल्या मुलाला क्रमांक आठवतो, पण पत्ता सांगताना जीभ अडखळते. म्हणून दोन्हींची उजळणी करून घ्यावी.

पक्षाघाताच्या झटक्यासाठी इंग्रजीत ‘फास्ट’ ही चार अक्षरे आहेत. आपल्या भाषेत चेहरा, हात, बोलणे, वेळ हे चार शब्द पुरेत. चेहरा एका बाजूला वाकडा झाला काय? दोन्ही हात वर उचलले असता एक खाली पडतो काय? बोलणे अडखळते काय? यांतले एक जरी दिसले तरी वेळ गमावू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सुरुवातीच्या सुमारे साडेचार तासांतच देता येते. तेही मेंदूचा सीटी स्कॅन केल्यावर. म्हणून ती सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे. ‘झोपू द्या, सकाळी पाहू’ या वाक्याने किती घरांतील कर्ते माणूस कायमचे अंथरुणाला खिळले असेल!

माणूस अचानक कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वासही घेत नाही, तर १०८ ला कळवावे आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोराने दाबू लागावे. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली जाईल इतका जोर, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, मदत येईपर्यंत. हे मात्र वाचून येत नाही; शिबिरात पुतळ्यावर सराव केल्यानेच येते. मुलाला जुलाब होत असतील तर जलसंजीवनीचे पाकीट, त्यावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात कालवून, थोडे थोडे पाजावे.

रस्त्यावरच्या जखमी माणसाला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती पुष्कळांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते होतील. बाकीचे भाऊ, बहीण, शेजारी तर आहातच. या स्मरणिकेतील हे पान वाचून झाल्यावर एका कागदावर वरील चार शब्द, १०८ हा क्रमांक आणि घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहा व स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा. मग घरातील सर्वांत लहान मुलाला तो वाचून दाखवावयास सांगा, आणि तो कोठे चुकला तर प्रेमाने सुधारा. आपण चुकलो आणि त्याने सांगितले, तर तेही तितक्याच प्रेमाने ऐकून घ्या.